दुःखात काय वाचावं, काय पाहावं? वाचकांचे प्रश्न

ख्रिस्ती उपवासकाळ तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. कोणतं वचन वाचू, कोणतं पुस्तक घेऊ, मुलांना कोणता सिनेमा दाखवू, असे प्रश्न येतात. या वेळी निवडलेल्या पत्रांतलं पहिलंच जरा अवघड आहे, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

यजमान जाऊन तीन महिने झाले. रोज सकाळी मोबाइलवर नातेवाईक पाच-सहा वचनं पाठवतात, ‘सदा आनंद करा’ वगैरे. वाचून राग येतो, मग राग आला म्हणून अपराधी वाटतं. बायबल उघडलं तर ओळी नुसत्या डोळ्यांखालून जातात. सुरुवात कुठून करू? (म्हापसा)

ताई, राग येतो यात पाप काही नाही. ज्या पुस्तकातून ती वचनं उचलतात, त्याच पुस्तकात तुमच्या रागालाही जागा आहे. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, आणि त्यांतला जवळपास तिसरा हिस्सा विलापाचा, म्हणजे सरळसरळ देवाकडे केलेल्या तक्रारींचा आहे. सांत्वनाला येणारी माणसं हा भाग सहसा टाळतात, कारण तो ऐकवणाऱ्यालाच जड जातो.

सुरुवात 13व्या स्तोत्रापासून करा. त्यात वचनं सहाच आहेत. पहिल्या दोनांत तक्रार आहे: देवा, कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार, ‘कुठवर’ हा सवाल त्यात चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे आणि शेवटच्या दोनांत भरवसा. पहिला आठवडा फक्त पहिली दोन वचनं वाचा. मोठ्यानं वाचा, कारण डोळे ओळीवरून घसरतात पण जिभेला प्रत्येक शब्द उच्चारावा लागतो. एकदा सलग वाचा. दुसऱ्यांदा वाचताना जो शब्द टोचेल तिथे थांबा. तिसऱ्यांदा तेच आपल्या शब्दांत बोला, यजमानांचं नाव घेऊन. एवढ्याला पाच मिनिटं पुरतात. दुसऱ्या आठवड्यात तिसरं-चौथं वचन जोडा. शेवटची दोन वचनं तोंडात येतील तेव्हा येऊ देत, त्यांची घाई नको.

संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, होत असेल तर त्याच्या मागोमाग हे वाचन ठेवलं की वेगळी वेळ काढावी लागत नाही. रात्री दोनला झोप उडाली म्हणून मात्र बायबल उघडू नका. त्या वेळी वाचलेलं सगळं अंगावर येतं आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. तेव्हा पाठ असलेली एकच ओळ पुरे: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ श्वास घेताना अर्धी, सोडताना अर्धी.

महिन्याभरानं 42 आणि 130 ही स्तोत्रं घ्या. 88वंही वाचा. त्यात दिलासा असा नाहीच, ते अंधारातच संपतं. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात राहिलं, कोणी शेवटाला गोड ओळ चिकटवली नाही, हे आमच्या मते महत्त्वाचं आहे. नवऱ्याच्या मागे तीन महिन्यांनी ज्या बाईला ‘सदा आनंद करा’ सहन होत नाही, तिला 88वं सहन होतं.

स्तोत्रांच्या आकड्यांत एक घोटाळा होतो, तो आधीच सांगून ठेवतो. घरात आजीच्या वेळचं लॅटिन वळणाचं प्रार्थनापुस्तक असेल तर त्यातले आकडे एकानं मागे असतात. तिथलं 22वं स्तोत्र म्हणजे आपलं 23वं, 129वं म्हणजे आपलं 130वं. जुन्या ग्रीक आणि लॅटिन पोथ्यांत नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरलं होतं, म्हणून पुढची गणती सरकली. शेवटच्या तीन स्तोत्रांत मात्र दोन्ही आकडे पुन्हा जुळतात.

वाचन अडतं ते बहुधा तीन कारणांनी. कोणी उत्पत्तीपासून सुरू करतं आणि लेवीयाच्या यज्ञनियमांत अडकतं. कोणी डोळे मिटून पान उघडतं, बोट ठेवतं आणि निघालेल्या वचनाला देवाचा निरोप समजतं. तिसरं म्हणजे मापाबाहेर वाचणं: रोज तीन अध्यायांचा नेम धरायचा, चौथ्या दिवशी मोडायचा आणि मग पुस्तकच बंद. दुःखात एका वेळी दोन ते सहा वचनं एवढंच झेपतं.

नातेवाइकांच्या वचनांचं म्हणाल, तर ग्रुपचा आवाज बंद करून ठेवा, कोणाला कळत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, तोवर सगळं बरोबर होतं. चौथ्या अध्यायापासून ते समजवायला लागले आणि 42व्या अध्यायात देवानं त्यांनाच चुकीचं ठरवलं. वचनं पाठवणाऱ्यांना हे दोन संदर्भ कळवायला हरकत नाही.

अजून एक उतारा: पहिलं राजे, अध्याय 19, वचनं 4 ते 8. एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून ‘मला मरण दे’ म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. तुमचं जेवण-झोप कशी आहे? आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, जगण्यात अर्थ नाही असं वाटतं, असं असेल तर स्तोत्रांबरोबर डॉक्टरही हवा. बांबोळीला मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, आणि 14416 या टेलिमानस क्रमांकावर (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) दिवसरात्र फुकट बोलता येतं. तिथे जाण्यानं श्रद्धा कमी पडली असं होत नाही.

जड जाणारे दिवस आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा: गावचं फेस्त, लग्नाचा वाढदिवस, 2 नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी काय वाचायचं ते आदल्या दिवशी ठरवून खूण घालून ठेवा, म्हणजे ऐनवेळी पानं चाळत बसावं लागत नाही.

मुलगा तारवटी. जहाजाचं कॉन्ट्रॅक्ट दोनदा रद्द झालं. आमच्या दारावर यिर्मया 29:11 ची पाटी आहे: भवितव्य आणि आशा देण्याचे देवाचे संकल्प. मुलगा म्हणतो, पाटी काढा. काय सांगू त्याला? (मडगाव)

पाटी काढू नका, पण त्याच्याबरोबर बसून तो सबंध अध्याय वाचा. ते वचन एका पत्रातलं आहे. बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयानं यरुशलेमहून ते पत्र लिहिलं. अकराव्याच्या आधीचं दहावं वचन पाटीवर कोणी लिहीत नाही, कारण त्यात म्हटलंय की सत्तर वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याच्याच आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा ‘दोन वर्षांत सगळं ठीक होईल’ असं सांगून वाहवा मिळवतो आणि खोटा ठरतो. तुमच्या मुलाला आजवर त्या पाटीतून हनन्याचाच निरोप ऐकू येत होता, म्हणून तो चिडला.

मग पाच ते सात वचनं वाचा: घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, ज्या शहरात आहात त्याचं हित पाहा. वाट पाहण्याच्या काळात करायच्या कामांचीच ती यादी आहे. जहाज मिळेपर्यंत एखादा कोर्स, किनाऱ्यावरचं काम, कागदपत्रांची मुदत तपासणं, हे सगळं त्यात बसतं.

खेळाडूंच्या टी-शर्टवर दिसणारं फिलिप्पैकरांस पत्राचं 4:13 असंच तुटलेलं असतं. पौल ते कैदेतून लिहितो, आणि बाराव्या वचनात तो उपाशी राहण्याबद्दल बोलतोय. ‘सर्व काही करायला मी शक्तिमान आहे’ याचा तिथला अर्थ उपासमारीतही टिकून राहीन असा आहे. साधा नियम ठेवा: पाटीवरचं कोणतंही वचन घेताना त्याच्या वरची पाच आणि खालची पाच वाचायची.

माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट. सासर कुंकळ्ळीचं कॅथलिक. एका अंत्यविधीत ‘नीतिमानांचे आत्मे देवाच्या हाती आहेत’ असं वाचलं. फार बरं वाटलं. पण माझ्या बायबलमध्ये ते सापडतच नाही. (कुंकळ्ळी)

सापडणार नाही. तो उतारा शलमोनाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ज्ञानग्रंथातला आहे, अध्याय 3, वचनं 1 ते 9. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये 73. जास्तीची सात जुन्या करारातली: तोबित, युदित, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख. एस्तेर आणि दानीएल या पुस्तकांतही काही भाग जास्त असतो. सासरच्या कॅथलिक बायबलात गीतरत्न आणि यशया यांच्या मध्ये शोधा.

मराठीतून नवं घ्यायचं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आजच्या भाषेत आहे. त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. तुमचं माहेरचं ‘पवित्र शास्त्र’ मात्र टाकू नका. लहानपणी पाठ केलेली वचनं त्याच्या भाषेत आहेत, आणि कठीण वेळी तोंडात तीच येतात. नवं समजून घ्यायला, जुनं म्हणायला. कोणतीही प्रत विकत घेताना अनुक्रमणिका उघडून 66 की 73 ते मोजा. मुखपृष्ठावर कळत नाही.

सासूबाई बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आहेत, दुखणं गंभीर. खाटेशी बसून काय वाचू? (पर्वरी)

आधी त्यांना विचारा, वाचू का म्हणून. ‘नको’ म्हणाल्या तर नको. हो म्हणाल्या तर दोन-तीन मिनिटं, शेजारच्या खाटेला त्रास होणार नाही अशा आवाजात. 121वं स्तोत्र आठच वचनांचं आहे. योहान 14:1-3, रोमकरांस 8:38-39 हेही चालतात. त्यांना कोकणीतून प्रार्थनेची सवय असेल तर कोकणीतूनच वाचा. आजारपणात उत्तम अनुवादापेक्षा सवयीचे शब्द लवकर पोहोचतात. आंधळ्याला दृष्टी, लुळ्याला चाल अशा चमत्कारांच्या कथा आपण होऊन काढू नका. ऐकणारी मनात म्हणते, मग मला का नाही? त्यांनी स्वतः मागितल्या तर वाचा.

आणि रुग्णाभिषेकासाठी, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याच्या विधीसाठी, पाद्रींना लवकर बोलवा. तो फक्त शेवटच्या घटकेचा विधी आहे ही समजूत चुकीची आहे. गंभीर आजारात तो घेता येतो आणि आजार पुन्हा बळावला तर पुन्हाही घेता येतो. ‘पाद्री आले म्हणजे संपलं’ या भीतीनं घरचे थांबतात आणि शुद्ध हरपल्यावर धावाधाव करतात. त्या शुद्धीत असताना झालं तर प्रार्थनेला उत्तर देता येतं, कुमसार, म्हणजे पापांची कबुली, करता येतं.

ख्रिस्तपुराणाबद्दल शाळेत एक ओवी शिकलो, तेवढंच. ते आज भक्तीसाठी वाचता येईल, की फक्त अभ्यासकांसाठी आहे? (डिचोली)

येईल, आणि गोव्यातल्या मराठी वाचकाला ते इतरांपेक्षा सोपं जाईल, कारण त्या मराठीत कोकणीचा वास आहे. फादर थॉमस स्टीफन्स, इथले पाद्री इस्तेवांव, मूळचे इंग्लंडचे, 1579 मध्ये गोव्यात उतरले आणि 1616 मध्ये रायतूरला त्यांचं पुराण छापून निघालं. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमी अक्षरांत. त्या काळातल्या छापील प्रती आज हाती नाहीत. जोसेफ साल्ढाणांनी हस्तलिखितांवरून 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं, आणि 1956 मध्ये शांताराम बंडेलूंनी ते देवनागरीत आणलं. लायब्ररीत मागताना बंडेलूंची प्रत मागा.

पुराण दोन भागांत आहे, ओव्या सुमारे 11,000. पैलें पुराण जुन्या कराराचं, 36 अवस्वरूंचं. दुसरें पुराण ख्रिस्ताचं, 59 अवस्वरूंचं. अवस्वरू म्हणजे अध्याय. पहिल्या पानापासून सुरू करणारे बहुतेक जण सृष्टीच्या वर्णनातच दमतात. भक्तीसाठी दुसऱ्या पुराणापासून सुरू करा. आधी शुभवर्तमानातला प्रसंग वाचा, मग तोच पुराणात. गोष्ट माहीत असली की जुने शब्द आपोआप उलगडतात.

म्हणायचं कसं ते तुमच्या शाळेतल्या ओवीतूनच कळतं:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा
कीं रत्नांमाजी हिरा निळा
तैसी भासांमाजी चोखळा
भासा मराठी

पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. तीन चरण एका चालीत म्हणून चौथ्यावर थांबायचं. ज्ञानेश्वरीची ओवी ज्यांच्या कानात आहे त्यांना वेगळं शिकावं लागत नाही. एका बैठकीला वीस ओव्या पुरे. मनात वाचलं तर पाचव्या ओवीला कंटाळा येतो, कारण ते ऐकण्यासाठीच रचलंय. अडलेल्या शब्दाला पेन्सिलीची खूण करा आणि पुढे जा. दर ओवीला शब्दकोश उघडलात तर लय जाते, आणि लय गेली की उरते ती परीक्षेची तयारी. ‘वैकुंठ’सारखे शब्द स्वर्गासाठी आलेले पाहून दचकू नका, ऐकणाऱ्यांना तीच भाषा ठाऊक होती.

पुराण जडच वाटलं तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये, आणि मधल्या वर्षांतला ताटातुटीचा काळ त्यांनी जसा लिहिला आहे तशी मनाची घालमेल धर्मपुस्तकांत सहसा मिळत नाही. वर हसूही येतं. खचलेल्या माणसाला पुस्तक द्यायचं तर आम्ही उपदेशाच्या दहा पुस्तिकांआधी हे देऊ.

इंग्रजी चालत असेल आणि दुःख ताजं असेल तर सी. एस. लुईस यांचं ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’. पत्नी गेल्यावर त्यांनी ते 1961 मध्ये टोपणनावानं छापलं. जेमतेम शंभर पानांचं आहे. त्यात देवावरचा रागही आहे, तेव्हा घरात नवीनच श्रद्धा धरलेल्या मुलाच्या हाती देताना आधी स्वतः वाचा.

आमच्या चर्चच्या युवा मंडळात 15 ते 22 वयाची पंचवीस मुलं आहेत. उपवासकाळात दर आठवड्याला सिनेमा दाखवायचा विचार आहे. कोणते निवडू? (वास्को)

दर आठवड्याला नको. संपूर्ण उपवासकाळात दोन, फार तर तीन. शुक्रवारी क्रुसाची वाट असते, तो वार सोडा आणि शनिवारी संध्याकाळ घ्या. यादीसाठी शोधाशोध नको: सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1995 मध्ये, व्हॅटिकननं 45 सिनेमांची यादी काढली, धर्म, मूल्यं आणि कला अशा तीन गटांत पंधरा-पंधरा. त्यातले सगळे धार्मिक नाहीत, सायकल चोरीला गेलेल्या गरीब बापाची गोष्टही आहे.

आमची निवड: पहिला पासोलिनींचा 1964 चा मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा कृष्णधवल सिनेमा. संवाद मत्तयाचेच, नट बहुतेक साधे गावकरी. लांबी 137 मिनिटं, म्हणून दोन शनिवारांत विभागा. मुलं पहिली वीस मिनिटं चुळबुळ करतील, करू देत. दुसरा ‘बॅबेट्स फीस्ट’, 1987 चा. एक निर्वासित स्वयंपाकीण लॉटरीत मिळालेले दहा हजार फ्रँक एका जेवणात खर्चते, एवढीच गोष्ट. पवित्र गुरुवारच्या आदल्या शनिवारी दाखवा आणि गुरुवारच्या मिस्सेला काय दिसतं ते बघा. धाकट्यांसाठी ‘दयासागर’, म्हणजे 1978 च्या तेलुगू सिनेमाचं हिंदी रूप. आजी-आजोबांसकट सगळे बसतात.

मेल गिब्सनचा 2004 चा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ मुलं हमखास मागतात. त्यातले फटके पाहून कोवळी मुलं भक्तीऐवजी नुसती हादरतात. सोळाच्या खाली नकोच. शिवाय त्यातले बरेच प्रसंग शुभवर्तमानात नाहीत, ॲन कॅथरिन एमेरिख या जोगिणीच्या दर्शनांतून घेतलेले आहेत. मोठ्यांना दाखवाल तर लूक 22 आणि 23 हातात द्या आणि प्रत्येकाला शुभवर्तमानात नसलेली तीन दृश्यं शोधायला लावा.

आता व्यवस्था. निवडलेला सिनेमा तुम्ही एकट्यानं शेवटपर्यंत आधी पाहा. ट्रेलरवर विसंबू नका. सबटायटल शेवटच्या रांगेतून वाचता येतात का ते आदल्या दिवशी त्याच भिंतीवर तपासा. घरच्या ओटीटीचं सदस्यत्व घरापुरतं असतं, हॉलमधल्या खेळासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. सिनेमा संपला की लगेच दिवे लावू नका आणि लगेच बोलूही नका. दोन मिनिटं जाऊ देत. मग ‘काय शिकलात?’ हा प्रश्न तेवढा टाळा, त्याला पाठ केलेली उत्तरं येतात. ‘कोणतं दृश्य डोळ्यांपुढून जात नाही?’ असं विचारा. पंचवीस जणांत चारच बोलतात, म्हणून सहा-सहाचे गट करा. शेवटी त्या दृश्याशी जुळणारा उतारा एकानं वाचायचा, प्रवचन नाही. बोलण्याला अर्धा तास पुरे. त्यापुढे चहा द्या, खरं बोलणं तिथे होतं.

डोळे अधू झाले, बारीक अक्षर दिसत नाही. मोबाइलवर बायबल ऐकलं तर ते वाचनच धरायचं ना? (फोंडा)

धरायचं. छपाई येईपर्यंत बहुतेक ख्रिस्ती माणसं ऐकतच आली. मार्कचं शुभवर्तमान आधी घ्या, 16 अध्याय, दीड-दोन तासांत संपतं. रोज एक अध्याय ठेवा. पार्श्वसंगीत आणि वेगवेगळे आवाज असलेली नाट्यरूप ध्वनिमुद्रणं पहिल्यांदा छान वाटतात, पण रोजच्या ऐकण्याला एकाच आवाजातलं साधं वाचन टिकतं. नातवाकडून दोन गोष्टी करून घ्या: वेग थोडा कमी, आणि एक अध्याय संपल्यावर पुढचा आपोआप सुरू होणं बंद. ते चालू राहिलं तर झोप लागते आणि दुसऱ्या दिवशी कुठवर ऐकलं ते कळत नाही.